आखरावरची लाल गाडी

मी नोकरीभर पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे गावातले लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि डॉक्टर मला रामटेके म्हणायचे. कामाचं स्वरूप सोपं आहे. गुरांना लस टोचायची, माजावर आलेल्या गाईला कृत्रिम रेतन करायचं, आणि एखादी गाय अडली तर खरे डॉक्टर येईपर्यंत मालकाला धीर द्यायचा. यातल्या कशालाही वेग लागत नाही. वेळेवर पोचावं लागतं, ती गोष्ट वेगळी. तरी नोकरीची शेवटची वर्षं मी अशा गाडीतून काढली की जी बनवणाऱ्याने वेग सोडून दुसऱ्या कशाचाही विचार केला नव्हता. संपादकांनी माझ्याकडे नोकरीतले अनुभव मागितले आहेत. पण मारेगाव ते मुकुटबन या पट्ट्यात मला ओळखणारे थोडे आणि माझ्या गाडीला ओळखणारे फार, तेव्हा तिच्याबद्दलच लिहितो.

आधी माझ्याकडे मोटारसायकल होती. एका गोऱ्ह्याने खच्चीकरणाच्या वेळी गुडघ्यावर लाथ घातली आणि किक मारणं संपलं. गोऱ्ह्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काही चुकलं नाही. बायको, सुनंदा, म्हणाली की आता चारचाकी घ्या, जुनी का असेना. यवतमाळचे रफीकभाई मिस्त्री माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांना सांगितलं, लहान गाडी पाहिजे, पेट्रोल कमी पिणारी, म्हातारी चालेल.

रफीकभाईंनी एक लाल गाडी दाखवली. दिसायला लहानच होती. कापसाच्या एका व्यापाऱ्याच्या पोराने हौसेने घेतलेली, आणि तो पोरगा आता पुण्याला गेलेला. मागे धुराच्या दोन नळ्या होत्या. मी म्हटलं, दोन काहून?

"एक बिगडली तं दुसरी हाय नं," रफीकभाई म्हणाले. मग माझं तोंड पाहून खरं बोलले. "डॉक्टरसाब, ही सादी गाडी नोहे. इच्यात टर्बो हाय. पाय दाबला का पाठ सीटले चिपकते. गाडी एक नंबर. फक्त इले खड्डा दाखवू नोका."

यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला ही अट घालणं म्हणजे गंमतच होती. पण लहान गाडीच्या भावात मिळत होती, कारण आमच्याकडे तिला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. घेतली.

गाडी जमिनीला इतकी खेटून होती की पहिल्याच दिवशी मारेगावच्या गतिरोधकाने तिचं पोट खरवडलं. त्यानंतर आमची एक पद्धत पडली. गतिरोधक आला की मी गाडी थांबवायचो, सुनंदा उतरायची, पदर सावरत गतिरोधक पायी ओलांडायची, मी हलकी झालेली गाडी तिरपी करून पलीकडे काढायचो आणि ती पुन्हा बसायची. करंजीला तिच्या माहेरी जाईपर्यंत ती गाडीत कमी आणि रस्त्यावर जास्त असायची. तिचे भाऊ विचारायचे, बाई, तू पायदल आली का? सीट अशी की माणूस पाळण्यात ठेवल्यासारखा रुतून बसायचा आणि बाहेर काढायला दुसरा माणूस लागायचा. गाडीचा टर्बो मी एकदाच वापरला, करंजीच्या रस्त्यावर, चांगला डांबरी तुकडा पाहून. सुनंदा त्यानंतर घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर बरंच बोलली.

कामाला मात्र ती गाडी चांगली पडली. रेतनाच्या, म्हणजे वळूचं वीर्य भरलेल्या, कांड्या द्रव नायट्रोजनच्या डब्यात ठेवतात. तो डबा दुधाच्या कॅनसारखा दिसतो आणि आडवा झाला की गेलाच. मोटारसायकलवर तो कायम हिंदकळायचा. या गाडीत मी त्याला शेजारच्या सीटवर बसवून पट्टा लावायचो. निवडणुकीच्या दिवसांत एका नाक्यावर पोलिसाने मला अडवलं. लाल गाडी, दोन नळ्या, आत पट्टा लावून बसवलेला कॅन. त्याने झाकण उघडायला लावलं, आतून पांढरा धूर आला आणि तो तीन पावलं मागे गेला. मग मागची सीट तपासली. तिथे खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे हातमोजे होते.

"हे कायले लागते?"

मी सांगितलं कायले लागते ते. त्याने मोजे पटकन जागेवर ठेवले आणि तो म्हणाला, "जा बाप्पा."

मागच्या सीटवरून मी कालवडी नेल्या आहेत, एकदा आजारी बोकड नेला आहे. बोकड उतरायलाच तयार नव्हता. गाडीत बसून खूश झालेला तो माझा पहिला आणि शेवटचा प्रवासी.

आता आवाजाबद्दल. गाडी मुळातच गुरगुरायची. झरीच्या रस्त्यावर एका दगडाने तिचा सायलेन्सर फोडला. नव्याची किंमत ऐकून मी रफीकभाईंच्या दुकानात खाली बसलो. त्यांनी फुटलेला भाग कापून सरळ नळी जोडून दिली. तेव्हापासून गाडी जी बोंबलायला लागली ती काही विचारू नका. घाट चढायला लागली की पलीकडच्या उतारावरच्या गावात लोक अंगणात येऊन उभे राहायचे.

आमच्या धंद्यात एक अडचण असते. विदर्भातल्या गावाबाहेर एक मोकळी जागा असते, तिला आखर म्हणतात. सकाळी घरोघरची गुरं आखरावर जमतात आणि गायकी, म्हणजे गावाचा गुराखी, ती रानात घेऊन जातो. लस टोचायची तर ती आखरावरच. एकदा कळप रानात गेला की दिवस गेला. संध्याकाळी गुरं परत येतात खरी, पण गावात शिरल्याबरोबर जो तो आपल्या गोठ्याकडे पळतो, आणि मग आपण सुई घेऊन घरोघरी फिरत बसतो. निम्मे मालक वावरात असतात आणि उरलेले म्हणतात, उद्या या जी.

माझ्या हद्दीत चिंचपोड नावाची कोलाम आदिवासींची वस्ती होती. तिथला गायकी देवराव आत्राम. उन्हाने काळा पडलेला, कमी बोलणारा, कान मात्र हरणाचे. मी घाटाच्या पायथ्याशी असतानाच त्याला माझी गाडी ऐकू यायची आणि तो कळप आखरावर थोपवून धरायचा. बायका वासरं बांधून घ्यायच्या. मी पोचेपर्यंत सगळं तयार. दुसऱ्या गावांनीही हे उचललं. आमच्या तालुक्यात माझ्याइतकं लसीकरण कोणाचं होत नव्हतं. साहेबांनी बैठकीत मला याचं रहस्य विचारलं. मी लोकांचा विश्वास वगैरे म्हणालो.

गाडी एकाच जीवाला मनापासून नको होती, आणि ती म्हणजे देवरावची स्वतःची गाय, चांदी. पांढरी, भुवयांवर काळे डाग. देवराव गावाची गुरं राखायचा, पण त्याचं स्वतःचं जनावर हे एवढंच. रेतन करूनही ती दोनदा माझ्या हातून रिकामी गेली होती आणि तिसऱ्यांदा गाभण राहिली. गाभण राहीपर्यंत तिने माझे हातमोजे, माझ्या सुया आणि माझी गाडी यांचा एकत्र हिशेब करून ठेवला होता. आवाज आला की इतर गुरं थांबायची, ही सरळ आखराजवळच्या देवळामागे जाऊन उभी राहायची. गिरजाबाई, देवरावची बायको, तिला कोलामीत काहीतरी समजावत ओढून आणायची. ती काय म्हणायची ते मी कधी विचारलं नाही. माझ्याबद्दलच असणार.

निवृत्तीचं वर्ष आलं. आमच्या कॉलनीत शेजाऱ्यांना नातू झाला होता आणि माझी गाडी सुरू झाली की तोही सुरू व्हायचा. सुनंदाने मला न सांगता रफीकभाईंना फोन केला. त्यांनी नागपूरहून भंगारात निघालेल्या तशाच गाडीचा सायलेन्सर मिळवला आणि बसवून दिला. मी गाडी सुरू केली तर मला वाटलं बंदच पडली. सुनंदा दारात उभी राहून हसत होती. "आता तरी सायबासारखे जा," म्हणाली. मला खरंच आनंद झाला. गाडीत रेडिओ होता हे मला त्या दिवशी कळलं.

ते दिवस लम्पीचे होते. गुरांच्या अंगावर गाठी येतात, ताप चढतो, जनावर खाणं सोडतं. गाभण गाईला झाला तर बहुधा वासरू जातं, कधी गायही जाते. माशा आणि डासांमार्फत पसरतो, म्हणून आजारी कळप आणि निरोगी कळप एकत्र येऊ द्यायचे नाहीत आणि आजूबाजूच्या निरोगी गुरांना लवकर टोचून घ्यायचं, एवढंच आमच्या हातात असतं. चिंचपोडची पाळी लागली तेव्हा आदल्या संध्याकाळी मी देवरावला फोन केला. गावात एका झाडाखाली नेटवर्क येतं, तिथे तो भेटला.

"उद्या येतो रे सकाळी."

"या जी. तुमचा आवाज आला का थांबवतो ढोरं."

"हो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यात काही चुकतंय हे त्याला कळायचं कारण नव्हतं, आणि मला कळलं नाही. सकाळी लसीचा बर्फाचा डबा पट्ट्यात बसवून निघालो तर वाटेतच आमच्या एका सहकाऱ्याचा फोन आला. चिंचपोडच्या पलीकडच्या गावात तीन जनावरं गाठी येऊन बसली होती. त्या गावाचा कळप आणि चिंचपोडचा कळप रोज एकाच नाल्यावर पाणी पितात. मी म्हटलं, काही काळजी नाही, देवरावने कळप थोपवलेलाच असेल. रेडिओ ऐकत मी घाट चढलो.

आखरावर फक्त शेण होतं. ताजं, वाफ निघत असलेलं. शेजारी गिरजाबाई टोपली घेऊन ते गोळा करत होती. मी गाडी तिच्या मागे येऊन उभी केली तरी तिला कळलं नाही. मी हाक मारली तेव्हा ती दचकलीच.

"अवो साहेब! तुमी कवा आले? थो तं कान देऊन उभा होता. लोकं वरडाले लागले का ढोरं उपाशी हायेत, मंग गेला. आवाजच नाई आला तुमचा!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिला सायलेन्सरचं सांगितलं आणि पलीकडच्या गावचंही सांगितलं. टोपली तिच्या हातातून खाली गेली.

"माही चांदी हाय त्यात. महिन्याभरात व्याची हाय थे."

देवराव कोणत्या अंगाला गेला ते कोणालाच सांगता येईना. गवत पाहून तो रानात गेल्यावरच ठरवतो. रानात फोन लागत नाही. एक जण नाल्याकडे पळाला, पण नाला लांबलचक आणि कळप कुठे उतरणार हे एकट्या देवरावला ठाऊक. माझा गुडघा तर आखर ओलांडायच्याही लायकीचा नव्हता. गाडीचा हॉर्न वाजवून पाहिला, तो आखरावरच्या कोंबड्यांनीही मनावर घेतला नाही. गिरजाबाई गाडीपुढे जाऊन उभी राहिली आणि तिने गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हातांनी थापट मारली.

"बोंबल नं वो! रोज बोंबलते, अन् आजच मुकी काहून झाली?"

मग मला सुचलं. एकाकडे मोटरपंपाचे पाने होते ते आणवले. गाडीचा मागचा भाग जॅकवर घेतला, चाकांखाली दगड रचले आणि मी पाठीवर झोपून खाली सरकलो. गाडी आपल्या अंगावर पडली तर काय, हा विचार मला खाली गेल्यावर आला. सायलेन्सर तापलेला होता. दोन बोल्ट. एक निघाला, दुसऱ्याने हात भाजला आणि मी रफीकभाईंना, नागपूरच्या भंगारवाल्याला आणि सुनंदालाही मनातल्या मनात नको ते बोललो. शेवटी सायलेन्सर सुटून माझ्या छातीवर पडला. लोकांनी मला पाय धरून बाहेर ओढलं. जॅक आणि दगड काढले, मी आत बसलो आणि गाडी सुरू केली.

पहिल्यापेक्षाही मोठा आवाज होता. गाडीचं तोंड डोंगराकडे करून मी पाय दाबला, सोडला, दाबला, सोडला. डोंगराने तोच आवाज परत फेकला. बायकांनी कानांवर हात ठेवले. कोंबड्या घरात शिरल्या. त्या गाडीचा टर्बो इतक्या मनापासून मी कधीच वापरला नव्हता, आणि गाडी जागची एक वीत हलली नाही.

बराच वेळ काही झालं नाही. मग गिरजाबाईने हात वर केला आणि मी पाय काढला. गुरांच्या गळ्यातल्या लाकडी ठोरक्यांचा आवाज येत होता. आधी एक म्हैस दिसली, मग सगळा कळप, आणि मागून देवराव, काठी आडवी धरून, धापा टाकत.

"नाल्यावर गेलता का?" मी आधी तेच विचारलं.

"नाई जी. उतरूनच राह्यलो होतो, तं तुमचा आवाज आला. मंग फिरवले." मग तो गिरजाबाईकडे न बघता म्हणाला, "चांदी नाई आली. आवाज आईकला अन् शेपटी उचलून झाडीत घुसली. तिच्या मांगं गेलो असतो तं हे सारे नाल्यात उतरले असते."

मी देवरावला म्हटलं, तू जा तिला बघायला, मी टोचतो. तो म्हणाला, "धरीन कोण?" आणि त्याने पहिल्या बैलाची शिंगं धरली. शेवटचं जनावर होईपर्यंत तो हलला नाही. प्रत्येक गुराला त्याने नावाने हाक मारून उभं केलं, आणि ती सगळी गुरं दुसऱ्यांची होती. मग काठी उचलून तो नाल्याच्या दिशेने निघून गेला.

मी डबा आवरला आणि गाडीत बसायला निघालो तर गिरजाबाई आडवी आली.

"चालू नोका करू. आवाज आईकून थे अजून दूर पयीन." आणि मग एकदम तिचा आवाज फुटला. "तुमच्या भोंग्यानं गावाचे ढोरं आणले, अन् माही गाय घालवली."

मला फार वाईट वाटलं. मी गाडीची चावी काढून तिच्या हातात दिली आणि आखरावरच्या झाडाखाली बसलो. दुपारी तिने न बोलता मला भाकर आणि अंबाडीची भाजी आणून दिली. मी खाल्ली. रागावलेल्या माणसाने वाढलेलं नाकारायची माझी छाती नव्हती.

उन्हं कलली तेव्हा देवराव परत आला. एकटाच. नाल्याला वरून खाली पाहून आला होता. पलीकडच्या गावाच्या कळपातही पाहिलं, लांबून.

"कोठीच नाई," तो म्हणाला आणि माझ्याजवळ मातीत बसला. "जाऊ द्या साहेब. एक गेली, बाकी आले."

गिरजाबाई उठली. दिवा लावायची वेळ झाली होती, ती तेलाची वाटी घेऊन देवळाकडे गेली. आणि तिथून तिची किंकाळी आली. देवराव पळाला, मीही गुडघा ओढत गेलो.

चांदी देवळामागे उभी होती. गाडीचा आवाज आला की जिथे जायचं तिथेच ती आली होती, फक्त या वेळी रानातून यावं लागलं म्हणून उशीर झाला असेल. आम्ही सगळे कळपात गुंतलो होतो तेव्हा ती मागच्या वाटेने येऊन उभी राहिली आणि दिवसभर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर रवंथ करत होती. मी खाली बसून तिचे खूर पाहिले. नाल्याचा काळा चिखल एका पायालाही नव्हता, उतारावरची लाल माती तेवढी होती. मी देवरावला तसं सांगितलं. त्याने तिच्या मानेला मिठी मारली आणि तो माणूस ढसाढसा रडला. गिरजाबाई रडता रडता गाईला कोलामीत शिव्या देत होती. भाषा येत नसली तरी शिव्या कळतात.

शेवटची लस मी तिला टोचली. तिने लाथ मारली आणि नेमका तोच गुडघा गाठला.

गिरजाबाईने चावी परत दिली, पण गाडी गावात सुरू करू दिली नाही. गावकऱ्यांनी ती ढकलत घाटाच्या तोंडापर्यंत नेली. मी आत बसून स्टिअरिंग धरलं होतं. मागच्या सीटवर सायलेन्सर होता.

घरी सुनंदाने तो पाहिला. मी सगळी हकिगत सांगितली. ती स्वयंपाकघरात गेली, माझ्या भाजलेल्या हाताला लावायला मलम घेऊन आली आणि म्हणाली, "शेजारच्या पोराले मी सांभाळीन सकाळी." सायलेन्सर आमच्या अंगणात आहे. त्यावर तिने गुळवेल चढवली आहे.

चिंचपोडला लम्पी आलाच नाही असं नाही. दोन बैलांना गाठी आल्या, ते बरे झाले. चांदी व्याली. कालवड झाली, आईसारखीच पांढरी.

मी निवृत्त झालो. माझ्या जागी वैशाली मॅडम आल्या आहेत. हुशार आहेत, माझ्यापेक्षा हात हलका आहे त्यांचा. पण त्यांच्याकडे विजेची स्कूटर आहे. पहिल्या महिन्यात त्या चार गावांत गेल्या आणि चारही ठिकाणी त्यांना शेण पाहायला मिळालं. त्यांनी मला फोन केला. "काका, रागावू नका, पण उद्या जरा गाडी घेऊन याल का?"

तेव्हापासून लसीकरण असलं की मी जातो. मॅडम डबा घेऊन शेजारी बसतात, गतिरोधक आला की उतरतात, पुन्हा बसतात. माझं काम घाट चढायचं आणि आखरावर पोचून गाडी बंद करायची, एवढंच. नंतर मी झाडाखाली बसतो. देवराव शिंगं धरतो, मॅडम टोचतात, आणि कळप सरत आला की मॅडम विचारतात, काका, अजून कोणी राहिलं का?

"दोघी राह्यल्या," देवराव सांगतो. "मायलेकी. देवळामांगं."

मग मी उठतो आणि त्यांना आणायला जातो.